कापड सोलापूरचे, लाकूड तिकडचे : परदेशातील भाड्याचे बिऱ्हाड कमी खर्चात कसे मांडावे

गणपतीचे विसर्जन झाले की सोलापुरातील बऱ्याच घरांत जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांची बांधाबांध सुरू होते, कारण तिकडचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात चालू होते. मी लाइपझिगमध्ये पाच वर्षे, तीन वेगवेगळ्या भाड्याच्या घरांत राहून परत आलो असल्यामुळे ओळखीतील मुले आणि त्यांचे आईवडील या दिवसांत आमच्याकडे येतात. त्यांचे बहुतेक प्रश्न बॅगेत काय भरायचे यासंबंधीचे असतात. तिथे पोहोचल्यावर मिळणारी रिकामी खोली कशाने भरायची, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात, कारण बॅगेत जे चुकीचे भरले जाते त्याचे पैसे इथे एकदा जातात आणि जे भरायचे राहते त्याचे तिथे पुन्हा मोजावे लागतात. माझे उत्तर थोडक्यात असे आहे, की अंगाला लागणारे कापड सोलापुरातून न्यावे, लाकूड, लोखंड आणि जड उपकरणे तिकडे जुनी घ्यावीत, आणि कोरी करकरीत अशी एकच मोठी वस्तू विकत घ्यावी, ती म्हणजे गादी.

पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः जर्मनीविषयी आहे, कारण तिथले व्यवहार मी स्वतः केले आहेत. इतर देशांबद्दल जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच त्या त्या ठिकाणी नोंदवले आहे.

रिकामे घर म्हणजे किती रिकामे

आपल्याकडे होटगी रस्त्यावर किंवा जुळे सोलापुरात भाड्याचे घर घेतले तर त्यात पलंग नसतो, पण स्वयंपाकाचा ओटा, त्यातील भांडी घासायचे सिंक, छताला पंखा आणि भिंतीवर दिव्याची पट्टी हे सर्व गृहीतच धरलेले असते. जर्मनीत सामानाविना दिलेल्या घराबाबत असे काहीही गृहीत धरता येत नाही. तेथील अनेक घरांत आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर, म्हणजे कपाटे, शेगडी आणि सिंकसुद्धा, उचलून घेऊन जातो आणि मागे फक्त पाण्याचे नळजोड व भिंतीतील विजेचे जोड राहतात. छतातून दिव्याऐवजी दोन-तीन उघड्या वायरी लोंबत असतात. म्हणून घर पाहायला जाताना खोल्या मोजण्याच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात: स्वयंपाकघर आहे का, आणि ते घरमालकाचे आहे की जाणाऱ्या भाडेकरूचे. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ असे लिहिले असेल तर बसवलेले स्वयंपाकघर आहे असे समजावे. ते जाणाऱ्या भाडेकरूचे असेल तर तो त्याची किंमत मागतो. तिला ‘आबलोझं’ म्हणतात आणि तिच्यात घासाघीस करायला पूर्ण वाव असतो, कारण ते स्वयंपाकघर उचकटून दुसऱ्या घरात बसवणे त्यालाही त्रासाचेच असते. मी दुसऱ्या घरात शेगडी, सिंक, शीतकपाट आणि चार कपाटे मिळून 350 युरोंना घेतली, आणि घर सोडताना पुढच्या भाडेकरूला तीच 300 युरोंना दिली.

भाड्याचेही दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे पाणी, जिन्याची देखभाल व बहुधा घर उबदार ठेवण्याचा खर्च धरून येणारी रक्कम. अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कायद्याने ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क आपल्या मुलांना बहुधा माहीत नसतो, म्हणून ती सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन मोकळी होतात आणि मग गादीसाठीही पैसे उरत नाहीत.

हिशेब मांडून पाहू. विद्यार्थी व्हिसासाठी जे गोठवलेले खाते उघडावे लागते त्यातून सध्या दरमहा 992 युरो काढता येतात. समजा काल्टमीटे 400 आणि वार्ममीटे 500 युरो आहे. पहिल्या महिन्यात भाड्याचे 500 आणि अनामतीच्या पहिल्या हप्त्याचे 400 गेले की हातात 92 युरो उरतात, आणि त्यातच जेवायचेही असते. अनामत एकरकमी भरायची ठरवली तर 1200 युरो लागतात, म्हणजे महिना सुरू होण्याआधीच खाते अपुरे पडते. म्हणून घर लावण्याचे काम पहिल्या महिन्यात उरकण्याचा आग्रह धरू नये. ते चार महिन्यांत पसरावे, आणि पालकांना काही वेगळी रक्कम देता येत असेल तर ती या कामासाठी राखून ठेवावी.

सामानासह मिळणारे घर घ्यावे की रिकामे, याचे उत्तर मुक्कामाच्या लांबीवर अवलंबून आहे. सामानासह घराला महिन्याला 80 युरो जास्त पडत असतील आणि रिकामे घर जुन्या वस्तूंनी लावायला 600 युरो लागत असतील, तर साडेसात महिन्यांनंतर रिकामे घर स्वस्त पडू लागते, आणि जाताना सामान विकून काही रक्कम परत मिळते ती वेगळी. त्यामुळे एका सत्रासाठी जाणाऱ्याने सामानासह खोली घ्यावी, आणि दोन वर्षांच्या पदवीला जाणाऱ्याने रिकाम्या घराला घाबरू नये. पहिल्या वर्षी इतर मुलांबरोबर एकत्र घर घेतले, ज्याला तिकडे ‘वे-गे’ म्हणतात, तर स्वयंपाकघर व धुलाई यंत्र सामायिक असते आणि आपल्याला फक्त आपली खोली लावावी लागते. मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कापड : हे मात्र इथूनच न्यावे

विमानाच्या एका बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते, आणि बॅगा किती नेता येतील हे तिकिटावर लिहिलेले असते. या वजनातील मोठा वाटा मी कापडाला देतो. त्यामागे केवळ गावाचा अभिमान नाही. जर्मनीत चांगले सुती कापड महाग पडते, ते जुने घेणे कोणालाच आवडत नाही, आणि सोलापुरात मात्र ते दारात मिळते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांची स्वतःची दुकाने आहेत, आणि चाटी गल्लीत साधे सुती कापड मीटरवर घेता येते.

चादरी तीन न्याव्यात. साधारण 60 बाय 90 इंचांची एकेरी सोलापुरी चादर जर्मनीतील 90 बाय 200 सेंटिमीटरच्या गादीवर व्यवस्थित बसते आणि खोचायलाही कापड उरते. एक अंथरायला, एक पांघरायला आणि तिसरी जुन्या सोफ्यावर टाकायला किंवा पहिले काही आठवडे खिडकीला पडदा म्हणून बांधायला. जॅकार्ड मागावर विणलेल्या या चादरीत नक्षी विणीतच असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. गडद रंगाच्या चादरी निघण्यापूर्वी घरीच दोनदा वेगळ्या धुऊन घ्याव्यात, कारण तिकडे सामायिक यंत्रात 60 अंश तापमानावर धुताना एखाद्या लाल चादरीने रंग सोडला तर दुसऱ्याचे कपडे खराब होतात आणि घरातील संबंधही. घरात आजीने शिवलेली वाकळ असेल तर ती नक्की न्यावी. पातळ गादीखाली अंथरली की पाठीला पडणारा फरक मी अनुभवला आहे.

टॉवेलांच्या बाबतीत माझा सल्ला लोकांना उलटा वाटतो. जाड, मऊ टेरी टॉवेल आपल्या कोरड्या हवेत तासाभरात वाळतो. तिकडच्या शहरांतील अनेक न्हाणीघरांना खिडकीच नसते, आणि हिवाळ्यात तोच टॉवेल दोन दिवस ओला राहून कुबट वास धरतो. म्हणून पातळ, हलक्या विणीचे चार टॉवेल घ्यावेत आणि जाड टॉवेल एकच, तोही पाय पुसायला.

आता जे काम निघण्यापूर्वी केले तर हमखास पैसे वाचवते आणि तरी कोणी करत नाही, ते सांगतो. जर्मनीत रजईचे सर्वसाधारण माप 135 बाय 200 सेंटिमीटर, आणि उशीचे 80 बाय 80 सेंटिमीटर असते. ती चौकोनी मोठी उशी आपल्या कोणत्याही अभ्र्यात बसत नाही. त्यामुळे मुले इथून नेलेले अभ्रे तसेच ठेवतात आणि तिथे नवे संच घेतात. त्याऐवजी चाटी गल्लीतून सुती कापड आणावे, ते आधी पाण्यातून काढून आटवून घ्यावे, आणि गल्लीतील शिंप्याकडून वरील मापाच्या दोन खोळी व दोन अभ्रे शिवून घ्यावेत. मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्तच ठेवायला सांगावे. रजई व उशी मात्र तिकडेच घ्यावी, कारण त्यांचे वजन कमी असले तरी त्या बॅगेतील जागा खाऊन टाकतात.

पडदे शिवून नेण्याची घाई करू नये. लाइपझिगमधील जुन्या इमारतींत छत तीन मीटरांहून उंच असते, आपल्या मापाचा सात फुटी पडदा तिथे अर्ध्यावर लटकतो, आणि खिडकीवर दांडी असेलच याचीही खात्री नसते. घर मिळाल्यावर माप घ्यावे.

स्वयंपाकाच्या सामानात तीन वस्तूंना मी वजन देतो. पहिली म्हणजे तीन लिटरचा स्टीलचा कुकर, ज्याच्या बुडाला चुंबक चिकटते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, आणि तिकडचे घर कोणत्या शेगडीचे मिळेल हे आधी कळत नाही. दुसरी वस्तू मिक्सर. जर्मनीत आपल्यासारखाच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा वीजपुरवठा असल्यामुळे तो तसाच चालतो. फक्त आपली तीन गोल पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, तेव्हा अर्थिंग असलेला चांगला ॲडाप्टर घ्यावा. अमेरिकेत मात्र वीज 120 व्होल्ट व 60 हर्ट्झची आहे, तिथे इथला मिक्सर नेऊ नये. तिसरी वस्तू सपाट बुडाचा तवा. गोल बुडाची कढई काचेच्या सपाट शेगडीवर टेकत नाही आणि तापतही नाही. भाकरी फुगवायला आच नसते, त्यासाठी पापड भाजायची तारेची जाळी सोबत ठेवावी. पोळपाट ठेवून जावे, कारण स्वच्छ ओट्यावर पीठ भुरभुरून लाटता येते. लाटणे मात्र न्यावे.

खाण्याचे जिन्नस हा या लेखाचा विषय नाही, पण वजनाचा हिशेब बिघडतो तो त्यांच्यामुळेच, म्हणून एवढे सांगतो की युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे आणि खव्याच्या पोळ्या विमानतळावर टाकून द्याव्या लागतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्यावी. मागाहून पार्सल पाठवू असे म्हणणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे, की भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंवर कर न लागण्याची मर्यादा 45 युरो आहे.

आणखी एक सूचना, जी सोलापूरकरांना सहज जमण्यासारखी आहे. भारतातील पहिले आयकिया दुकान 2018 मध्ये हैदराबादला उघडले आणि हैदराबाद आपल्यापासून सुमारे 300 किलोमीटरवर आहे. आपल्याकडील कितीतरी घरांचे नातेवाईक तिथे असतात. तिकडे गेलात तर मुलाला ते दुकान दाखवावे. विकत काही घेऊ नये. टेबलांवर बसून पाहावे, कपाटांची मापे वहीत उतरवावीत आणि नावे लिहून घ्यावीत. जर्मनीतील जुन्या बाजारात याच नावांनी वस्तू विकल्या जातात, आणि ‘कालाक्स’ म्हणजे कोणते फडताळ किंवा ‘माल्म’ म्हणजे कोणता पलंग हे डोळ्यांसमोर असले की शंभर जाहिरातींतून नेमकी जाहिरात निवडता येते.

लाकूड : कुठे, केव्हा आणि कसे घ्यावे

जर्मनीत जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे क्लाइनआनत्साइगेन हे संकेतस्थळ, जे 2023 पर्यंत ईबेच्या नावाने चालत असे. शेजारपाजारच्या भागातील लोक तिथे पलंगापासून चमच्यांपर्यंत सर्व काही विकतात. किमतीपुढे ‘व्ही बी’ ही अक्षरे असतील तर भाव कमी करण्याविषयी बोलता येते. ‘त्सु फेरशेंकेन’ असे लिहिले असेल तर वस्तू फुकट आहे, फक्त घेऊन जायची आहे. ‘झेल्प्स्टआपहोलर’ असे असेल तर विक्रेता वस्तू पोहोचवणार नाही, वाहतूक आपली. आपल्या मुलांचा येथे होणारा मुख्य तोटा म्हणजे ती ‘उपलब्ध आहे का?’ एवढेच इंग्रजीत लिहितात आणि उत्तर येत नाही. नमस्कार, मी विद्यार्थी आहे, ही वस्तू मला हवी आहे, शनिवारी अकरा वाजता येऊन रोख पैसे देऊन नेऊ शकतो, असा चार ओळींचा नीट जर्मन निरोप पाठवावा. वेळ, वार आणि रोख हे तीन शब्द असले की उत्तर येते, आणि दिलेली वेळ पाळली तर तोच माणूस पुष्कळदा दिवा किंवा खुर्चीही देऊ करतो.

खरेदीची वेळ फार महत्त्वाची आहे. तिथले भाडेकरार बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतात, आणि घर रिकामे करून चावी द्यायची असते. म्हणून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, विशेषतः शेवटच्या तीन दिवसांत, कालपर्यंत 60 युरोंचे टेबल 15 युरोंना किंवा फुकट मिळते. याउलट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी नवी मुले एकाच वेळी तेच टेबल शोधत असतात. गादी आणि एक दिवा घेऊन ऑक्टोबर काढावा, आणि बाकीची खरेदी ऑक्टोबरच्या अखेरीस करावी. हा एवढा संयम ज्यांनी पाळला त्यांचा खर्च माझ्या माहितीत निम्म्यावर आला आहे.

याखेरीज धर्मादाय संस्था आणि सामाजिक उपक्रम चालवत असलेली जुन्या सामानाची दुकाने असतात, ज्यांना ‘सोत्सियालकाउफहाउस’ म्हणतात. तिथे ताटे, पातेली, खुर्च्या, फडताळे उत्तम स्थितीत आणि स्वस्त मिळतात. भांड्यांसाठी मी आधी तिथेच जायला सांगतो. आयकियाच्या दुकानांतही परत आलेल्या व मांडणीतील वस्तूंचा वेगळा कोपरा असतो, आणि नवीन घ्यायचेच असेल तर आधी तिथे नजर टाकावी.

रस्त्यावर ठेवलेल्या वस्तूंबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तिथे लोक नको असलेली पुस्तके, कप, कुंड्या खोक्यात घालून ‘त्सु फेरशेंकेन’ असे लिहून दारात ठेवतात. ती उचलायला हरकत नसते. मोठे सामान मात्र महापालिकेने उचलावे म्हणून ठरलेल्या दिवशी बाहेर काढलेले असते, आणि त्यातून काही उचलण्यास काही शहरांत मनाई आहे, तेव्हा आधी विचारून घ्यावे. परवानगी असो वा नसो, कापड किंवा फोम असलेली कोणतीही वस्तू रस्त्यावरून घरात आणू नये. मी पहिल्या वर्षी एका संध्याकाळी कापडी बैठकीची सुरेख खुर्ची उचलून आणली. तीन आठवड्यांनी अंगावर लाल गांध्या उठू लागल्या, आणि ढेकूण पलंगाच्या फटींत जाऊन बसल्याचे कळले. फवारणीचा खर्च, फेकून द्यावी लागलेली गादी आणि घरातील दोन सहनिवाशांची महिनाभर मोडलेली झोप, हे सर्व एका खुर्चीपायी झाले. लाकूड, काच, पत्रा उचला, पुसून घ्या. कापडाला हात लावू नका. जुन्या बाजारातून घेतलेल्या पलंगाचेही सांधे, भोके आणि खालची पट्टी मोबाइलच्या उजेडात पाहूनच पैसे द्यावेत. बारीक काळे ठिपके दिसले तर नम्रपणे नकार द्यावा.

याच कारणासाठी गादी नवी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. एकट्यासाठी 90 बाय 200 सेंटिमीटरची साधी फोमची गादी शंभर युरोंच्या आसपास मिळते. तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी लागते, तिला ‘लाटेनरोस्ट’ म्हणतात, आणि ती बहुधा पलंगाबरोबर येत नाही. पलंग स्वस्तात घेऊन आल्यावर पट्ट्याच नाहीत असे कळले, की रात्री गादी जमिनीवर जाते. गादी थंड जमिनीवर महिनोन्‌महिने ठेवली तर खालून ओल धरून काळी पडते, म्हणून पलंग मिळेपर्यंत निदान रोज सकाळी ती भिंतीला उभी करून ठेवावी.

भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे फर्निचर जुने घेताना आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्याकडच्या सागवानी कपाटासारखे ते कितीही वेळा उकलून जोडता येत नाही. स्क्रू एकदा काढून परत घातला की भुसा सुटतो, भोक सैल होते आणि तिसऱ्या जोडणीला फडताळ डुलू लागते. म्हणून शक्य असेल तर जोडलेलीच वस्तू तशीच उचलून आणावी. उकलावी लागलीच तर उकलण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचा फोटो काढावा, स्क्रू एका पिशवीत घालून ती फळीलाच चिकटवावी, आणि परत जोडताना लाकडी खुंट्यांना लाकूड चिकटवण्याचा गोंद लावावा. दरवाजे आणि मोठे ड्रॉवर असलेले कपाट तीनदा हलवलेले असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्याऐवजी लोखंडी दांडीचा कपडे टांगायचा स्टँड घ्यावा.

वाहतुकीत मुले वाचवलेले पैसे घालवून बसतात. शक्यतो ट्रामच्या दोन-तीन थांब्यांच्या आत असलेल्याच वस्तू शोधाव्यात. शेजाऱ्यांकडे हातगाडी असते, ती मागितली तर मिळते. मोठे सामान एकाच शनिवारी तीन ठिकाणांहून उचलायचे ठरवून छोटी व्हॅन काही तासांसाठी भाड्याने घ्यावी आणि खर्च मित्रांत वाटून घ्यावा. भारतीय वाहन परवाना जर्मनीत राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतो, आणि त्याचे मान्य भाषांतर सोबत लागते, हे विसरू नये. पैशांचा व्यवहार नेहमी वस्तू समोर पाहून करावा. जागेवर न पाहता आगाऊ रक्कम मागणाऱ्याला, मग तो टेबल विकत असो की घर भाड्याने देत असो, एक युरोही पाठवू नये.

शीतकपाट आणि धुलाई यंत्र

या दोन वस्तूंत जुने नेहमी स्वस्त पडते असे नाही. जर्मनीत घरगुती वीज युनिटला साधारण 30 ते 40 सेंट पडते. वर्षाला 350 युनिट खाणारे जुने शीतकपाट आणि 150 युनिट खाणारे नवे यांच्यातील फरक 200 युनिटांचा, म्हणजे 35 सेंटच्या दराने वर्षाला 70 युरोंचा. दोन वर्षे राहायचे असेल तर 140 युरो. त्यामुळे 50 युरोंचे पंधरा वर्षांपूर्वीचे कपाट घेण्यापेक्षा 130 युरोंचे पाच वर्षांचे कपाट घ्यावे. लेबलवरील अक्षरांवर विसंबू नये. युरोपीय संघाने 2021 मध्ये ती श्रेणी बदलली, आणि जुन्या लेबलवरील तीन अधिक चिन्हांचा ए नव्या श्रेणीत खूप खाली येतो. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, तोच आकडा पाहावा. कपाट आडवे करून आणले असेल तर घरी उभे करून काही तास थांबावे आणि मगच चालू करावे.

धुलाई यंत्र मात्र जुने घ्यायला हरकत नाही. विक्रेत्याला ते चालवून दाखवायला सांगावे, दाराच्या रबरी पट्टीत बोट फिरवून बुरशी पाहावी, आणि हलवण्यापूर्वी मागच्या बाजूला वाहतुकीचे बोल्ट लावायला लावावेत. बोल्ट नसताना नेले तर आतला पिंप आपटून यंत्र निकामी होऊ शकते. इमारतीच्या तळघरात सामायिक यंत्रे असतील तर हा सगळा खटाटोपच नको.

मांडणी

पहिल्या रात्रीसाठी गादी, चादर, उशी आणि प्लग लावून चालणारा उभा दिवा एवढे पुरते. छतातील वायरींना दिवा जोडण्याचे काम नवख्याने स्वतः करू नये. दोन उभे दिवे कोपऱ्यांत ठेवले की खोली पुरेशी उजळते, आणि जाताना ते उचलून नेता येतात. ऑक्टोबरच्या अखेरीस टेबल आणि बऱ्यापैकी खुर्ची. खुर्चीवर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, कारण हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आणि मुले दिवसाचे आठ-दहा तास तिच्यावरच बसतात. फडताळ, कपड्यांचा स्टँड आणि बाकीचे पुढे सावकाश आणावे.

सोलापूरच्या माणसाला भिंतीला येणारी बुरशी ठाऊकच नसते, कारण आपल्या भिंती मे महिन्यात 42 अंशांत भाजून निघतात. जर्मनीतील बंद, उबदार खोलीत आपला श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांची ओल थंड बाहेरच्या भिंतीवर जमते. तिथे कपाट किंवा पलंग भिंतीला चिकटवून ठेवला की मागे हवा फिरत नाही, महिन्याभरात काळे डाग पडतात, आणि त्याची भरपाई अनामतीतून मागितली जाते. म्हणून बाहेरच्या भिंतीपासून प्रत्येक वस्तू दहा सेंटिमीटर दूर ठेवावी, मोठे कपाट आतल्या भिंतीला लावावे, आणि दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडून हवा खेळवावी. फोडणी दिल्यानंतर तर नक्कीच.

भिंतीला ड्रिलने भोके पाडावी लागली तर ती मोजकी पाडावीत, आणि रविवारी मुळीच पाडू नयेत, कारण रविवार तिथे कायद्याने शांततेचा दिवस आहे.

अमेरिकेत भाड्याच्या घरात शेगडी आणि शीतकपाट बहुधा आधीच असते, त्यामुळे स्वयंपाकघराचा मोठा खर्च टळतो आणि गादी-टेबलाचाच प्रश्न राहतो. इंग्लंडमध्ये सामानासह घरे पुष्कळ मिळतात, आणि वार्षिक भाडे 50,000 पौंडांच्या खाली असेल तर अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. तिथे जाणाऱ्यांनी कापडाचा भाग तसाच पाळावा, फक्त रजई-उशीची मापे त्या देशाची विचारून घ्यावीत.

घर सोडताना

भाडेकरूला घर सोडण्याची सूचना सर्वसाधारणपणे तीन महिने आधी द्यावी लागते, आणि सामान विकायला सुरुवात त्याच दिवशी करावी. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर तुम्ही ज्या भावाने घेतले होते त्याच भावाने द्यावे लागेल, म्हणजे जवळजवळ फुकट. चांगल्या उजेडात फोटो काढावेत, मापे लिहावीत, आणि पुढच्या भाडेकरूला आधी विचारावे, कारण त्याला वस्तू उचलून न्यावी लागत नाही आणि तो बरा भाव देतो. घर घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा प्रत्येक भिंतीचे, खिडकीच्या चौकटीचे आणि जमिनीवरील ओरखड्यांचे फोटो तारखेसह ठेवावेत, आणि ताबा देण्याचा लेखी तपशील, ज्याला ‘युबरगाबेप्रोटोकोल’ म्हणतात, वाचून समजल्याशिवाय सही करू नये. भिंतीतील भोके भरण्याची लुगदी दोन-तीन युरोंना मिळते.

मी निघालो तेव्हा टेबल, खुर्ची, कुकर आणि दोन्ही दिवे सोलापूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलीला दिले, आणि तिने त्यांच्या बदल्यात एवढेच कबूल केले की जाताना ती ते पुढच्या मुलाला देईल. गादी महापालिकेच्या गाडीत गेली. तीन चादरींपैकी दोन परत आणल्या. तिसरी, पहिल्या हिवाळ्यात खिडकीला बांधलेली तांबडी, समोरच्या घरातील आजींनी मागून घेतली, आणि ती आता त्यांच्या स्वयंपाकघरातील बाकावर अंथरलेली असते.